साहेबांचा हातगुण

४ जानेवारी

डॉक्टरसाहेब,

आशीर्वाद सध्या माझ्याकडे शिल्लक नाहीत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तू माझे फोन उचलत नाहीस. आमच्या संसर्ग-नियंत्रण विभागाकडून पत्र पाठवलं तर तुझी मदतनीस त्यावर ‘साहेबांनी पाहिले’ असा शेरा मारून परत पाठवते. जिन्यात समोरासमोर आलो तर आग लागल्यास काय करावे हा भिंतीवरचा फलक तू इतक्या मन लावून वाचतोस, की एव्हाना तुला तो पाठ झाला असेल. म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवते आहे. सख्ख्या बहिणीने सख्ख्या भावाला एकाच इमारतीत पत्र लिहावं अशी वेळ आली. लोकांना सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही.

ऑक्टोबरपासून तुझे तीन रोगी परत आले. गुडघा बदललेला पोस्टमन, खुबा बदललेल्या शिवणाच्या बाई आणि तो ट्रकवाला. तिघंही आले तेव्हा सांधा झिजलेला होता, पण रक्त स्वच्छ होतं. घरी गेले आणि काही दिवसांत जखमेतून पू घेऊन परत आले. तिघांच्या पुवात एकच जंतू सापडला. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा, तो हट्टी. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, हे तिन्ही जंतू एकाच वंशाचे आहेत. म्हणजे तो रोग्यांनी घरून आणलेला नाही. आपण त्यांना दिला.

थिएटरची हवा तपासली, पाणी तपासलं, हत्यारं उकळायचं यंत्र तपासलं. सगळं ठीक. थिएटरमधल्या प्रत्येकाच्या नाकातला आणि हातावरचा स्वॅब घेतला. भूल देणारे डॉक्टर, तुझे दोन्ही असिस्टंट, फरशी पुसणाऱ्या मावशी, सगळ्यांनी दिला. माझा मीही दिला. कोणाकडेच तो जंतू नाही. एकच माणूस राहिला आहे. तो सध्या अग्निशमनाचा अभ्यास करतो आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी तुला जास्त झोंबेल. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तू राउंडला येतोस, रोग्याचं ड्रेसिंग स्वतः उघडतोस आणि टाक्यांच्या शेजारी उघडा तळहात ठेवून उभा राहतोस. रोगी डोळे मिटतात. नातेवाईक हात जोडतात. वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला होता. साहेबांच्या हाताला गुण आहे, असं गेटवरच्या पानवाल्यापासून सगळे म्हणतात. असेल. पण ग्लोव्ह न घालता ताज्या जखमेजवळ हात ठेवायचा नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतो.

मागण्या दोनच आहेत. स्वॅब दे. आणि तो हात ठेवणं बंद कर.

अठरा तारखेला तू आईचा खुबा बदलणार आहेस. त्याच्या आत हे झालं पाहिजे. एरवी मी तुझ्या दाराशी वाकले नसते.

ताई

&nbsp;

९ जानेवारी

विनोदसम्राटांना,

कालच्या मीटिंगमध्ये तू बोललास ते माझ्या लक्षात राहील. सगळ्या विभागप्रमुखांसमोर मी तुझ्या स्वॅबचा विषय काढला आणि तू खुर्चीला रेलून म्हणालास, “ताईंना लहानपणापासून दुसऱ्याच्या नाकात बोट घालायची सवय आहे.” सगळे हसले. अधीक्षकांना तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी हसले नाही, कारण त्याच सकाळी ट्रकवाल्याच्या बायकोने मला विचारलं होतं की यांचा सांधा काढून टाकला तर क्लच दाबता येईल का.

‘जंतूबाई’ हे नावही तूच पाडलंस हे मला ठाऊक आहे. परवा कॅन्टीनमध्ये एका नव्या मुलीने चुकून तोंडावर म्हटलं आणि बिचारी रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, बाई गं, घाबरू नकोस, हे माझ्या माहेरचं नाव आहे.

मग तू गंभीर होऊन म्हणालास की या रुग्णालयात तुझ्याइतका वेळ हात कोणीच धुत नाही. हे खरं आहे. मी पाहिलं आहे तुला धुताना. तो कडक ब्रश घेऊन कोपरापर्यंत घासतोस, पुन्हा घासतोस, गंजलेलं भांडं घासावं तसं. ते ब्रश बंद करायला मी किती वर्षं सांगते आहे. ब्रशने कातडी सोलते, सोललेल्या कातडीत जंतू मुक्काम करतो, आणि मग वरून कितीही धुतलं तरी तो आत बसून हसतो. बाकीच्यांनी ब्रश सोडले. तुझ्यासाठी मात्र खास मागवले जातात, कारण साहेबांना त्याशिवाय ‘हात धुतल्यासारखे वाटत नाहीत’.

पोस्टमनला भेटून आले. त्याच्या गुडघ्यात आता सांधा नाही. तुझ्या असिस्टंटने तो काढला आणि जागेवर औषध कालवलेलं सिमेंट भरलं. पाय वाकत नाही, टेकता येत नाही. आयुष्यभर चालून पोट भरलेला माणूस पलंगावर पडून छताकडे बघतो. आणि तो मला काय म्हणाला सांगू? साहेबांनी त्या दिवशी हात ठेवला होता म्हणून पाय तरी वाचला. मी त्याची उशी सारखी केली आणि बाहेर आले. मला राग आला होता, पण त्याच्यावर नाही.

मीटिंगमध्ये तू एकदाही खिशातून हात बाहेर काढला नाहीस. चहासुद्धा घेतला नाहीस. तू चहा नाकारलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

ताई

&nbsp;

१३ जानेवारी

आईच्या राजास,

काल आईकडे गेले होते. तुला कळलंच असेल, कारण मी जिना उतरायच्या आत तिने तुला फोन लावला असणार.

ती आता घरात खुर्ची ढकलत चालते. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची पुढे सरकवायची, तिच्या पाठीवर भार टाकायचा आणि एक पाऊल. खुर्ची फरशीवर करकरते, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, आणि ही त्यांना म्हणते, अठरा तारखेपर्यंत सोसा, मग माझा मुलगा मला पळवणार आहे. रुग्णालयाची पिशवी कधीचीच भरून ठेवली आहे. त्यात नवा गाऊन, नवा कंगवा आणि तुझा वर्तमानपत्रातला फोटो. तो नर्सना दाखवायला.

मी तिला सगळं सांगितलं. अवघड शब्द न वापरता सांगितलं. तीन माणसं बिघडली, जंतू एक आहे, कोणाच्या तरी अंगावर तो बसला आहे, त्याला स्वतःला काहीच होत नाही पण त्याने हात लावला की दुसऱ्याला होतं. कोण ते अजून माहीत नाही, कारण राजा तपासू देत नाही. फार काही मागत नाही, तपासणी होईपर्यंत थांब, किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घे.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “तुला त्याचं चांगलं बघवत नाही. लहानपणापासून.”

नंतर जरा मऊ पडली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली की त्याला बोलत जाऊ नकोस, आधीच त्याला त्रास आहे. हात फुटतात त्याचे. बोटांच्या पेरांतून रक्त येतं. रात्री मलम चोळून सुती मोजे घालून झोपतो, सून सांगत होती. तूच एखादं चांगलं मलम सुचव की, नर्स आहेस.

म्हणजे खिशातल्या हातांचं असं आहे तर. फुटलेल्या, रक्त येणाऱ्या हातांनी तू रोज हाडं कापतोस आणि सकाळी तेच हात उघडे जखमेवर ठेवतोस. आणि ही गोष्ट तुझ्या बायकोला माहीत आहे, आईला माहीत आहे, फक्त जिचं काम आहे तिला माहीत नाही. शाबास.

आता आईच्या वाक्याबद्दल. घरी येऊन मी बराच वेळ त्यावर विचार केला. मला तुझा हेवा वाटतो का? वाटतो. तुझ्या बारावीला घरात शांतता हवी म्हणून मला मावशीकडे ठेवलं, तेव्हापासून वाटतो. मी पंचवीस वर्षं लोकांना आजारी पडण्यापासून वाचवते आहे आणि न पडलेल्या आजाराबद्दल कोणी हात जोडत नाही, तेव्हाही वाटतो. आईच्या पिशवीत तुझा फोटो पाहिला तेव्हा तर फारच वाटला. हे सगळं कबूल आहे. पण माझ्या हेव्याने पोस्टमनचा गुडघा सडला नाही.

मी वाईट बहीण आहे असं धरून चाल. तरी स्वॅब दे.

ताई

&nbsp;

१७ जानेवारी

राजा,

आज तुला टोमणे मारत नाही. वेळ नाही आणि जीवही नाही.

अधीक्षकांकडे लेखी मागणी केली की साहेबांचा स्वॅब येईपर्यंत त्यांची ऑपरेशनं थांबवावीत. लॅबच्या मॅडमनीही खाली सही केली. अधीक्षक म्हणाले, ताई, त्यांच्या नावावर अर्धं रुग्णालय चालतं, तुमचं नि त्यांचं घरगुती भांडण इथे कशाला आणता. मी म्हटलं, तिघांच्या सांध्यातला पू घरगुती नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. मी उठले.

आई आज भरती झाली. सगळ्या वॉर्डाला सांगून झालं आहे की मी साहेबांची आई. शेजारच्या पलंगावरच्या बाईला तुझ्या हाताचे किस्से ऐकवते आहे. मी रक्तदाब मोजायला गेले तर तिने तोंड फिरवलं नाही, पण बोललीही नाही. दंड पुढे केला, बस्स.

आता शेवटचं मागणं. गुडघे टेकून मागते आहे असं समज. हवं तर स्वॅब देऊ नकोस. मीटिंगमध्ये मला काय वाटेल ते म्हण. उद्या ऑपरेशनही तूच कर, मी आड येत नाही. दोन जोड्या ग्लोव्हज घाल, मध्ये एकदा बदल, आणि ब्रश वापरू नकोस. आणि परवा सकाळी आईच्या ड्रेसिंगला हात लावू नकोस. एवढंच. ड्रेसिंग बंद राहू दे. तिच्या डोक्यावर हात ठेव, पाया पड, काय हवं ते कर. फक्त जखमेवर तुझा हात नको.

हे मान्य असेल तर काहीच उत्तर देऊ नकोस. मी समजेन.

ताई

&nbsp;

२० जानेवारी

साहेब,

ऑपरेशन छान झालं. पाहिलेल्या सगळ्यांनी सांगितलं. रक्त कमी गेलं, सांधा चपखल बसला. तुझ्या हातात कला आहे, ती मी कधीच नाकारली नाही.

काल सकाळी मी वॉर्डाच्या दारात उभी होते. तू आलास. मागे असिस्टंट, त्यांच्या मागे विद्यार्थी, त्यांच्या मागे इतर रोग्यांचे नातेवाईक, जणू वरात. आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरून. तू ड्रेसिंगची कड धरलीस. आणि मग तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. नजरानजर झाली. मी नकारार्थी मान हलवली.

तरी तू ते ड्रेसिंग उघडलंस.

तू माझ्याकडे बघत बघत हात ठेवलास. आईने डोळे मिटले. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, मला पण.

मी कल्पना केली होती की तू विसरशील, किंवा सवयीने करशील, किंवा आईच्या आग्रहाखातर करशील. यातलं काहीही असतं तर मी तुला माफ केलं असतं. पण तू मला दाखवायला केलंस. तुझ्या माझ्या भांडणात आईची जखम उघडलीस. चोर तो चोर वर शिरजोर असं लोक म्हणतात, ते मला काल दारात उभं राहून नीट कळलं.

देव करो आणि मी खोटी ठरो. असं झालं तर पुढच्या मीटिंगला मी स्वतः तुझा तो विनोद सगळ्यांना पुन्हा सांगेन.

यापुढे पत्र नाही.

&nbsp;

२ फेब्रुवारी

पत्र नाही म्हटलं होतं. पण तू शहराबाहेर परिषदेला गेला आहेस आणि फोन बंद आहे, त्यामुळे परत आल्यावर दारात हेच मिळेल.

आईला आज सकाळी तुझ्या घरून परत रुग्णालयात आणलं. ताप चढला आहे. टाक्यांच्या खालच्या टोकाला लाल झालं आहे, दाबलं की पाझरतं. तुझ्या बायकोने तीन दिवस ‘साहेब आले की बघतील’ म्हणून थांबवून धरलं होतं. तिला बोलण्यात अर्थ नाही. तीही तुझ्या हातगुणावरच जगते.

पू मी स्वतः लॅबमध्ये नेला. तिला तळमजल्यावरच्या वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. दारावर पाटी लावली आहे. आत जाताना गाऊन, ग्लोव्हज, बाहेर येताना काढून टाकायचे आणि हात धुवायचे. सर्वांनी. शेजारच्या खोलीत ट्रकवाला आहे.

ती तुझं नाव घेते आहे.

&nbsp;

६ फेब्रुवारी

राजा,

परवा तू माझ्या खोलीत आलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोली किती लहान आहे हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. तू स्टुलावर बसलास आणि मान मागे टाकलीस. मी काडी काढली. दोन्ही नाकपुड्या, मग दोन्ही तळहात, मग बोटांच्या बेचक्या. हात प्रकाशात पहिल्यांदाच पाहिले. पेरांवर चिरा, अंगठ्याखाली कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. काडी नाकात गेली की सगळ्यांच्याच डोळ्यांत येतं, त्यामुळे मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

जाताना दाराशी थांबून तू म्हणालास, “मला वाटायचं, एकदा कळलं की लोक माझा हात घेणार नाहीत.”

त्याचं उत्तर आता देते. तुझा हात नाही घेतला तरी कोणी मेलं नसतं.

निकाल आला आहे. तुझ्या नाकात तो जंतू आहे, दोन्ही हातांवर आहे, उजव्यावर जास्त. पोस्टमनचा, शिवणाच्या बाईंचा, ट्रकवाल्याचा आणि आईचा, सगळ्यांचा तोच. मॅडमनी पुन्हा तपासून पाहिलं, मी सांगायच्या आधीच. मी खरी ठरले. लहानपणी तुझ्याशी भांडण जिंकलं की मी घरभर नाचायचे. आज खुर्चीतून उठवलं नाही.

इलाज काय आहे माहीत आहे? एक मलम. नाकात लावायचं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. औषधी साबणाने अंघोळ. हातांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं आणि कातडी पूर्ण भरेपर्यंत थिएटरमध्ये पाय ठेवायचा नाही. मग पुन्हा तपासणी. झालं. एवढ्यासाठी हे सगळं. तू ऑक्टोबरमध्ये स्टुलावर बसला असतास तर नोव्हेंबरमध्ये पुन्हा थिएटरमध्ये असतास, आणि कोणाला पत्तासुद्धा लागला नसता. मीही कोणाला सांगितलं नसतं. जंतूबाई चुगलखोर नाही.

आता नियम. तुझा पुढचा निकाल स्वच्छ येईपर्यंत तुला आईच्या खोलीत जायला बंदी आहे. आदेशावर अधीक्षकांची सही आहे. या वेळी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. काल तू दाराच्या काचेशी उभा होतास ते मी पाहिलं. काचेशी उभं राहायला बंदी नाही.

उद्या तिचा सांधा काढणार आहेत. दुसऱ्या गावाहून सर्जन येत आहेत. तिला अजून सांगितलेलं नाही की तू करणार नाहीस. ते काम मी करणार आहे, नेहमीप्रमाणे.

ताई

&nbsp;

२१ फेब्रुवारी

राजा,

आज जे झालं ते तू पाहिलंस, मीही पाहिलं. तरी लिहिते आहे, कारण खोलीतून जाण्याआधी जे करायला हवं होतं ते तू केलं नाहीस.

तुझे दोन्ही निकाल स्वच्छ आले म्हणून मीच तुला निरोप पाठवला. तू आलास. गाऊन नीट बांधलास, माझ्यासमोर हात धुतलेस, ग्लोव्हज घातलेस. मला बोलायला जागाच ठेवली नाहीस. आता तो जंतू तिच्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, त्यामुळे ग्लोव्ह तुझ्यासाठीसुद्धा होता. ते तुला समजावून सांगावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं.

आई डोळे मिटून पडली होती. ताप उतरला आहे, पण औषधांनी तिची भूक गेली आहे आणि आवाजही बसला आहे. तुला तिच्या मांडीकडे बघायचा धीर झाला नाही. तिथे आता सांधा नाही, पोस्टमनच्या गुडघ्यासारखंच. तू तिच्या कपाळावर हात ठेवलास. जरा वेळाने ती म्हणाली, “हा कोणाचा हात?”

तू म्हणालास, माझा.

तिने डोळे उघडले. निळा ग्लोव्ह पाहिला, तुला पाहिलं. तू ग्लोव्हच्या कडेला बोट घातलंस. काढणार होतास. मी तुझं मनगट धरलं आणि तू थांबलास. त्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही. आणखी कोणाच्या घरी तो जंतू तुझ्या हाताने जायला नको.

मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला तिच्या घरी जाऊन समजावलं होतं, दंडाला पट्टा बांधताना तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, हे सगळं ती विसरली की तिला ते विसरायचं होतं, मला माहीत नाही. ती म्हणाली, “तू मोठी होतीस ना? मग याला थांबवलं का नाहीस?”

खोलीत आपण तिघंच होतो. तू स्वतःच्या ग्लोव्हजकडे बघत उभा राहिलास. मी वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, राजा. तू हो म्हणशील, नाही म्हणशील, खोकशील तरी. तू गाऊन काढलास, बरोबर त्या डब्यात टाकलास, हात धुतलेस आणि गेलास. सगळं नियमाप्रमाणे.

मी तिच्याजवळ बसले. तिला पाणी पाजलं. ती पुन्हा म्हणाली, त्याला काय कळतं, तो लहान आहे, तू तरी सांगायचं होतंस. मी म्हटलं, हो आई. पन्नाशीला आलेल्या माणसाला ती लहान म्हणत होती आणि मी हो म्हणत होते. आजारी बाईशी वाद घालू नये, एवढं मला शिकवलं आहे. ते बोलायचं काम माझं नव्हतंच.

मी तिला सगळं सांगू शकते. तिचा विश्वास बसणार नाही. मला तुझं चांगलं बघवत नाही, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं आहे. माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य त्याच पिशवीत जाईल. तुझ्या तोंडून निघालं तर मात्र ती ऐकेल. तुझं ती नेहमीच ऐकत आली आहे.

कदाचित ती फार दिवस ऐकू शकणार नाही. बाहेरून आलेल्या सर्जनने मला स्पष्ट सांगितलं आहे, मूत्रपिंडांवर ताण पडला आहे, औषध बंद करता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही. म्हणून सबबी सांगत बसू नकोस.

उद्या सकाळी ये. हात धू, गाऊन घाल. मी बाहेर काचेशी उभी राहीन, आत येणार नाही. हात ठेवू नकोस, रडू नकोस, मोठं भाषण करू नकोस. तिच्या कानाशी वाक आणि एवढंच सांग की ताईने मला थांबवलं होतं, मीच ऐकलं नाही.

ताई